सुती बेडशीट निवडताना थ्रेड काउंटवर किती विसंबावे?

मुळामुठा

नमस्कार. नव्या घरासाठी दुहेरी पलंगाच्या सुती बेडशीट घ्यायच्या आहेत. गादी 72 बाय 78 इंचांची असून तिची जाडी 8 इंच आहे. दुकानांत आणि ऑनलाइन शोधले असता प्रत्येक पाकिटावर थ्रेड काउंट ठळक अक्षरांत छापलेला दिसतो. कुठे 144, कुठे 210, कुठे 300, तर कुठे थेट 1000. गंमत अशी की 300 काउंटच्या एका शीटची जी किंमत सांगितली गेली, तिच्यापेक्षा कमी किमतीत शेजारच्या दुकानात 1000 काउंटची शीट मिळते आणि वर चार अभ्रे फुकट. कारण विचारल्यावर दुकानदाराने ‘आकडा मोठा तितका माल भारी’ एवढेच सांगितले, पण मग भारी माल स्वस्त का, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते.

माझी अपेक्षा साधी आहे. कापड शंभर टक्के सुती असावे, पुण्याच्या उन्हाळ्यात अंगाला चिकटू नये, दर आठवड्याला यंत्रात धुतले तरी चार-पाच वर्षे टिकावे. चुण्या पडल्या तरी चालतील. जाणकारांनी आणि अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

शेवगा

चार अभ्रे फुकट मिळत असतील, तर त्या अभ्र्यांचे धागेही त्या 1000 मध्येच धरले असावेत, अशी मला दाट शंका आहे.

आडवाउभा

शेवगा यांची शंका विनोदी असली तरी सत्यापासून फार लांब नाही. मी वस्त्रोद्योगाचे शिक्षण घेतले आहे आणि काही वर्षे कापडाच्या तपासणीचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एक चौरस इंच कापडात जेवढे उभे धागे (ताणा) आणि जेवढे आडवे धागे (बाणा) असतात, त्यांची बेरीज म्हणजे थ्रेड काउंट. इंचाला 110 उभे आणि 100 आडवे असतील तर 210. आता एका इंचात किती धागे मावतील याला धाग्याच्या जाडीची मर्यादा आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या सुताने विणायचे झाले तर चारशेच्या पुढे जाणे अवघड होत जाते. त्यापुढचे आकडे बहुधा दोन मार्गांनी येतात. एक तर आडवा धागा घालताना बारीक धाग्यांचा जुडगा एकदम घातला जातो आणि त्यातील प्रत्येक धागा वेगळा मोजला जातो. नाहीतर दोन किंवा तीन पदरी पिळाच्या धाग्याचे पदर सुटे मोजले जातात. पदर किती का असेना, पिळलेला धागा एकच मोजावा, अशी कापड मोजण्याची प्रमाण पद्धत आहे. पण पाकीट छापणाऱ्याने ती पाळली आहे की नाही, हे तपासायला कुणी येत नाही.

म्हणून पाकिटावरच्या आकड्यापेक्षा सुताचा नंबर विचारावा. एक पौंड सुतात 840 यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. बेडशीटसाठी साधारण 30 ते 80 नंबरचे सूत वापरतात. या नंबरावरून कापडाचे वजन ढोबळमानाने काढता येते. थ्रेड काउंटला सुताच्या नंबराने भागून 25 ने गुणले की एक चौरस मीटरचे वजन ग्रॅममध्ये मिळते. 40 नंबरच्या सुताची 200 काउंटची शीट घेतली तर हे उत्तर 125 ग्रॅम येते. 60 नंबरच्या सुताची 300 काउंटची शीट घेतली तरी 125 ग्रॅमच येते. आता कुणी 125 ग्रॅमच्या कापडाला 1000 काउंटचे म्हणत असेल, तर त्यासाठी सूत 200 नंबरचे हवे. इतके बारीक सूत चार अभ्रे फुकट देणाऱ्या पाकिटात सापडणार नाही. उलट 80 नंबरचे सूत घेऊन खरोखर 1000 काउंट गाठला, तर कापड चौरस मीटरला 300 ग्रॅमच्या वर जाईल आणि ते बेडशीटपेक्षा पांघरुणाच्या जातीचे होईल.

खाडीपलीकडे

मी न्यू जर्सीत राहते. आकड्यांचा हा खेळ इकडे फार आधीपासून चालू आहे आणि त्यावर ग्राहकांच्या तक्रारी व खटलेही झाले आहेत. पण आकड्यांइतकीच फसवणूक कापसाच्या नावावरही होते. 2016 साली अमेरिकेतील एका मोठ्या दुकानसाखळीने एका भारतीय उत्पादकाच्या शीट परत घेतल्या, कारण ‘इजिप्शियन कॉटन’ म्हणून विकलेला माल वेगळ्याच कापसाचा निघाला. त्यानंतर इतर दुकानांनीही आपापला साठा तपासायला काढला. लेबलावर एखाद्या देशाचे नाव असणे आणि त्या देशाचा कापूस शीटमध्ये असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासून इकडच्या गिऱ्हाइकांना चांगलेच कळले आहे.

वऱ्हाडी_ठेचा

नागपूरच्या मे महिन्यात रात्री पंखाही गरम हवा फेकतो, त्यामुळे आमच्याकडे बेडशीटची खरी परीक्षा होते. आम्ही आधी तलम, चकाकणारी सॅटिन विणीची शीट आणली होती. हात फिरवला की फार छान वाटायचे, पण झोपल्यावर पाठीला घाम. नंतर साध्या विणीची, थोडी करकरीत वाटणारी शीट आणली आणि झोप लागू लागली. काउंट तिचा कमीच होता. तेव्हा मुळामुठा यांनी आकड्याआधी वीण ठरवावी, असे मी सुचवीन.

जाता जाता एक शंका. कापूस आमच्या विदर्भात पिकतो, मग भारी शीटवर इजिप्त आणि अमेरिकेचीच नावे का?

आडवाउभा

वऱ्हाडी_ठेचा यांचा अनुभव विणीच्या शास्त्राला धरूनच आहे. साध्या विणीत धागा एकावरून आणि एकाखालून जातो. त्यामुळे कापड अंगापासून किंचित सुटे राहते आणि हवा खेळते. बारीक सुताच्या, दाट, साध्या विणीच्या अशा शीटला बाजारात परकेल म्हणतात. सॅटिन विणीत धागा चार धाग्यांवरून तरंगत जाऊन पाचव्याखाली शिरतो. हे तरंगते धागे प्रकाश परावर्तित करतात म्हणून चकाकी येते आणि स्पर्श मऊ लागतो, पण कापड अंगावर लपेटून बसते. शिवाय सुटे तरंगणारे धागे घासले जाऊन लवकर विरतात व अडकतात. थंडीसाठी किंवा वातानुकूलित खोलीसाठी सॅटिन वाईट नाही. पुण्याच्या एप्रिलसाठी मात्र परकेलच बरे.

कापसाबद्दल सांगायचे तर प्रश्न देशाचा नसून तंतूच्या लांबीचा आहे. आपल्याकडच्या वर्गवारीत 27.5 ते 32 मिलिमीटर लांबीचा कापूस लांब धाग्याचा, आणि 32.5 मिलिमीटर व त्यापुढचा अतिलांब धाग्याचा मानला जातो. विदर्भातील बहुतेक कापूस पहिल्या गटात किंवा त्याच्या आसपास बसतो. उत्तम रोजच्या शीटसाठी तो पुरेसा आहे. तंतू लांब असेल तर तेवढ्याच सुतात टोके कमी येतात, सूत बारीक कातता येते आणि वापरात गोळे कमी धरतात. इजिप्तचा गिझा, अमेरिकेचा पिमा हे त्या अतिलांब गटातले. आपल्याकडेही सुविन आहे. कोइंबतूरच्या संशोधकांनी ‘सुजाता’ आणि ‘सेंट व्हिन्सेंट’ या वाणांच्या संकरातून 1970 च्या दशकात तो तयार केला आणि गुणवत्तेत तो जगातल्या कुठल्याही कापसाला मागे सारत नसेल तरी मागे राहतही नाही. अडचण एवढीच की त्याची लागवड फार थोडी होते.

पाकिटावर ‘कोम्ब्ड’ लिहिले असेल तर त्याकडे मात्र लक्ष द्यावे. कातण्याआधी कापूस विंचरून त्यातले आखूड तंतू काढून टाकतात. यात बराच कापूस वाया जातो म्हणून सूत महाग पडते, पण शीट गुळगुळीत राहते. मला विचाराल तर ‘इजिप्शियन’ या शब्दापेक्षा ‘कोम्ब्ड’ या शब्दासाठी चार पैसे जास्त द्यावेत.

सिद्धरामेश्वराची_गल्ली

इतका वेळ धागा वाचतो आहे, पण सोलापूरचे नाव कुणी काढले नाही याचे आश्चर्य वाटते. महाराष्ट्रात सुती चादर म्हटले की सोलापूर. भौगोलिक मानांकन मिळालेला हा माल आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा सांभाळला, जॅकार्डच्या मागावर नक्षी उतरवली. आमच्या घरी लग्नात आलेली चादर अजून वापरात आहे. मुळामुठा यांनी पाकिटांच्या आकड्यांत शिरण्यापेक्षा सरळ सोलापूरला यावे आणि माल हाताने पारखून घ्यावा.

आडवाउभा

सोलापूरच्या चादरीबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण ती पांघरण्यासाठी विणलेली असते. जाड सूत, उठावदार नक्षी आणि भरपूर वजन हे तिचे गुण पांघरुणात कामाला येतात. 8 इंची गादीवर ताणून खोचण्यासाठी एवढ्या जाड कापडाची गरज नाही आणि यंत्रात भिजल्यावर ते उचलणेही जड जाते. मुळामुठा यांनी वरून पांघरायला सोलापुरी घ्यावी, खाली अंथरायला नाही.

सिद्धरामेश्वराची_गल्ली

आम्ही खालीही अंथरतो आणि वरही घेतो, आणि झोप उत्तम लागते. तरी तुमचा मुद्दा मान्य करून एवढेच सांगतो की बाजारात ‘सोलापुरी’ म्हणून विकला जाणारा बराच माल पानिपतचा असतो आणि पुष्कळदा त्यात सुताबरोबर इतर धागेही असतात. त्या मालाच्या अनुभवावरून सोलापूरला कुणी नावे ठेवू नयेत.

बोरकूट

इतर धाग्यांचा विषय निघाला आहे तर ‘ग्लेस कॉटन’ या प्रकाराबद्दल सर्वांना सावध करते. रस्त्यावरच्या विक्रेत्यांपासून ऑनलाइन बाजारापर्यंत सगळीकडे हे नाव दिसते. कापड गुळगुळीत असते, रंग भडक असतात, चुणी पडत नाही आणि किंमत फार कमी असते. नावात कॉटन असले तरी हे कापड बहुतेक वेळा पॉलिएस्टरचे असते. ‘कॉटन फील’, ‘कॉटन टच’, ‘कॉटन रिच’ या शब्दांचाही अर्थ शंभर टक्के सुती असा होत नाही. ‘100% कॉटन’ असे स्पष्ट छापलेले नसेल तर ते सुती नाही असेच धरून चालावे.

घरी पारखायचे असेल तर शिवणीच्या आतल्या कडेचे चार-सहा धागे ओढून काढावेत, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळतो, जळलेल्या कागदाचाच वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर आधी आक्रसते, वितळते आणि टोकाला कडक काळा मणी तयार होतो. मिश्र सूत असेल तर दोन्ही खुणा दिसतात. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे जाळून पाहावेत, कारण काही वेळा एका दिशेचेच धागे सुती असतात.

शेवगा

दुकानदारासमोर काडेपेटी काढली तर तो अभ्रे फुकट देईल की पोलिसांना फोन करील, याचाही अनुभव कुणी लिहावा.

बोरकूट

शेवगा, म्हणूनच मी ‘घरी’ असे लिहिले आहे. दुकानात काडेपेटीविना दोन गोष्टी करता येतात. कापड दोन्ही हातांत धरून चोळावे. पांढरी भुकटी झडली किंवा चोळलेला भाग एकदम लुळा पडला, तर पोत खळीचा आहे, सुताचा नाही. दुसरे म्हणजे शीट उलगडून उजेडासमोर धरावी. धागे सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत, कुठे दाट कुठे विरळ असे ढग दिसू नयेत. पाण्याचा थेंब टाकून पाहण्याची युक्ती मात्र कोऱ्या कापडावर फसवी ठरते, कारण खळ आणि मऊपणासाठी लावलेली रसायने पाणी लगेच शोषू देत नाहीत. ती परीक्षा दोन धुण्यांनंतर करावी.

बोका_आणि_मी

आमच्या घरी शीटची गुणवत्ता बोका ठरवतो. सॅटिनवर तो नखे अडकवून धागे ओढतो आणि आठवड्याभरात शीटवर त्याची स्वतःची जॅकार्ड नक्षी तयार होते. साध्या दाट विणीच्या शीटवर नखे अडकत नाहीत, म्हणून तो रागावून सोफ्याकडे जातो. आडवाउभा यांनी सांगितलेल्या तरंगत्या धाग्यांचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही. लहान मुलांच्या घरीही हेच लागू पडावे.

समुद्रकाठ

मी रत्नागिरीत राहते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा सगळा कारभार वाळवण्याभोवती फिरतो. दोन दोरींवर पसरूनही जाड शीट दुसऱ्या दिवशी दमट राहते, मग तिला कुबट वास लागतो आणि काळे ठिपकेही धरतात. त्यामुळे आम्ही चौरस मीटरला 120 ग्रॅमच्या आसपासचे पातळ कापडच घेतो. दुकानात वजन विचारल्यावर लोक चमत्कारिक नजरेने पाहतात, पण ज्या कंपन्या निर्यातीचा माल करतात त्यांच्या लेबलावर ‘जीएसएम’ म्हणून हा आकडा बऱ्याचदा असतो.

पॉलिएस्टर मिसळलेली शीट लवकर वाळते म्हणून पावसाळ्यासाठी बरी, असे काहीजण सांगतात. आम्ही तसेही करून पाहिले. वाळते खरी, पण दमट रात्री घाम शोषत नाही आणि काही महिन्यांत वर बारीक गोळे येतात.

आडवाउभा

गोळ्यांचे कारण थोडक्यात सांगतो. सुती कापडावरही गोळे येतात, पण सुताचे तंतू कमजोर असल्याने ते तुटून धुण्यात निघून जातात. मिश्र कापडात पॉलिएस्टरचा मजबूत तंतू त्या गोळ्याला धरून ठेवतो. याच मजबुतीमुळे रोज धुलाई करणारी अनेक हॉटेले मिश्र कापड वापरतात, कारण त्यांना टिकाऊपणा आणि कमी चुण्या हव्या असतात. घरासाठी तो निकष लावायची गरज नाही. ‘रिंकल फ्री’ लिहिलेल्या शुद्ध सुती शीटवर रेझिनची प्रक्रिया केलेली असते. तिने चुण्या कमी होतात, पण कापडाची ताकद आणि शोषकताही घटते. मुळामुठा यांना चुण्या चालणार आहेत, तेव्हा त्यासाठी पैसे देऊ नयेत.

इस्त्रीवाला_नव्हे

सगळे नवे कापड पाहून मला एवढेच वाटते की पूर्वी मुंबईच्या गिरण्यांच्या चादरी वीस-वीस वर्षे टिकत. आमच्या आजीच्या कपाटातल्या चादरी तिच्या नातवंडांनीही वापरल्या. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि तो मालही गेला. आता कितीही आकडे छापा, ती टिकाऊ चादर मिळायची नाही.

वऱ्हाडी_ठेचा

ज्या चादरी विरल्या त्यांच्या गोधड्या झाल्या, गोधड्यांची पायपुसणी झाली आणि त्यांची आठवण कुणी ठेवली नाही. कपाटात उरल्या त्या टिकल्या, म्हणून सगळ्याच टिकत असे वाटते. शिवाय ती चादर पाहुणे आले की निघत असे आणि एरवी कपाटात विश्रांती घेत असे. मुळामुठा यांची शीट वर्षाला पन्नासेक वेळा यंत्रात फिरणार आहे. तुलना बरोबरीची नाही.

इस्त्रीवाला_नव्हे

आजीची चादर दर रविवारी दगडावर आपटून धुतली जात असे. विश्रांतीचा मुद्दा मला पटलेला नाही. सूत जाड होते आणि वीण साधी होती, हे मात्र आडवाउभा यांच्या सांगण्याशी जुळते.

धोटा

माझी बाजू हातमागाची आहे. केरळमधील कण्णूरच्या हातमागावरील गृहवस्त्रांना भौगोलिक मानांकन आहे. तिथल्या विणकामाला एकोणिसाव्या शतकात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनने कारखान्याचे रूप दिले आणि रुंद मागांची परंपरा तिथे टिकली. तमिळनाडूत इरोडजवळच्या चेन्निमलईच्या बेडशीटही मी अनेक वर्षे वापरतो आहे. सुरुवातीला त्या खरखरीत लागतात, पण दर धुण्यागणिक मऊ होत जातात. गिरणीच्या मालाचे पुष्कळदा याच्या उलट होते, पहिल्या दिवशी लोण्यासारखा आणि वर्षाने गोणपाट. खात्रीसाठी 2006 पासून ‘हँडलूम मार्क’ आहे आणि 2015 पासून ‘इंडिया हँडलूम ब्रँड’ आहे. ही चिन्हे पाहून घ्यावे. आडव्या धाग्यात मधूनच थोडी जाड-बारीक रेष दिसली तर तो दोष समजू नये.

एक सूचना मात्र करतो. माग अरुंद असेल तर दुहेरी शीट दोन पट्टे मधोमध जोडून करतात. ती शिवण पाठीखाली येते. काहींना तिचा त्रास होत नाही, काहींची झोप उडते. घेताना शीट पूर्ण उलगडून पाहावी.

बोरकूट

धोटा, हातमागाचे रंग यंत्रात टिकतात का? आमच्या एका शीटने पहिल्याच धुण्यात नवऱ्याचे सगळे पांढरे सदरे गुलाबी केले. पहिल्यांदा मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवायला हवे होते, असे शेजारी म्हणाल्या.

नीळ

बोरकूट, मिठाचा उपाय घरोघरी सांगितला जातो, पण त्याचा उपयोग रंगवण्याच्या वेळी असतो. मिठामुळे रंग पाण्यातून सुताकडे ढकलला जातो. तयार कापडातला न चिकटलेला रंग मीठ टाकून नंतर पक्का होत नाही. तुरटीने काही नैसर्गिक रंग धरतात, तेही रंगाईच्या आधी सूत तुरटीत भिजवले तर. कापड घरी आल्यावर करण्यासारखे एकच आहे, ते म्हणजे सुटा रंग धुऊन काढणे. पहिली दोन-तीन धुणी वेगळी, भरपूर पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत. राजस्थानातल्या सांगानेर आणि बगरूच्या ठशाच्या छपाईच्या शीट मला अतिशय आवडतात, पण त्या घेताना मी ओल्या पांढऱ्या रुमालाने गडद भाग जोरात घासून पाहते. रुमालावर थोडा डाग आला तर चालवून घेते, फराटा उमटला तर शीट परत ठेवते. आणि वाळवताना उलटी बाजू उन्हाकडे.

मुळामुठा

सर्वांचे मनापासून आभार. या आठवड्यात स्वयंपाकघरातला वजनकाटा पिशवीत घालून बाजारात गेलो होतो. ‘1000 काउंट’ लिहिलेली 108 बाय 108 इंचांची शीट दुकानदाराने कुरकुरत तोलू दिली. अभ्रे बाजूला ठेवून तिचे वजन 760 ग्रॅम भरले. शीटचे क्षेत्रफळ साडेसात चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 101 ग्रॅम. आडवाउभा यांच्या सूत्राने सूत जवळपास 250 नंबरचे हवे. दुकानदाराला हे सांगितल्यावर तो शांतपणे म्हणाला, ‘साहेब, आकडा पाकिटाचा आहे, शीटचा नाही.’ याहून प्रामाणिक उत्तर मला कुठे मिळाले नसते. दुसऱ्या दुकानात 300 काउंटची, साध्या विणीची, ‘कोम्ब्ड’ लिहिलेली तेवढ्याच मापाची शीट 930 ग्रॅम भरली. तिथे सूत 60 नंबरचे असल्याचे सांगितले आणि हिशेब बरोबर जुळला. तीच घेण्याच्या विचारात आहे. फक्त मापाबद्दल मन साशंक आहे. तिथला विक्रेता म्हणाला की 72 इंची गादीला 90 बाय 108 पुष्कळ झाली.

समुद्रकाठ

अजिबात पुष्कळ होत नाही. गादीची रुंदी 72 आणि दोन्ही बाजूंची जाडी 16 मिळून 88 इंच झाले. 90 इंचांची शीट खोचायला बाजूला एकेकच इंच उरतो आणि धुतल्यावर तोही जातो. ही मापे गाद्या 4-5 इंचांच्या होत्या तेव्हाची आहेत. दुकानदार तीच पाठ म्हणतात.

आडवाउभा

समुद्रकाठ यांच्याशी सहमत आहे. सुती शीट पहिल्या काही धुण्यांत तीन ते पाच टक्के आटेल असे धरावे. 108 इंच आटून साधारण 104 झाले, तर रुंदीत प्रत्येक बाजूला 8 इंच खोचायला मिळतील. लांबीत गादी 78 अधिक जाडीचे 16 म्हणजे 94, त्यामुळे डोक्याशी आणि पायाशी प्रत्येकी 5 इंच उरतील. 5 इंच कमी वाटत असतील तर मुंबईत मंगळदास मार्केटसारख्या कापडबाजारात, किंवा पुण्यातही, रुंद पन्ह्याचे शीटिंगचे कापड मीटरवर मिळते का ते विचारावे. हवी तेवढी लांबी कापून घेऊन, एकदा धुऊन, मगच कडा शिवून घ्याव्यात. उभ्या दिशेने कापड जास्त आटते, म्हणून लांबी सढळ ठेवावी.

खाडीपलीकडे

मुळामुठा, लेबलावर ‘ओको-टेक्स’ दिसले तर त्याचा अर्थ कापडात अपायकारक रसायनांची तपासणी झाली आहे एवढाच घ्यावा. कापूस सेंद्रिय आहे असा त्याचा अर्थ नाही. त्यासाठी ‘गॉट्स’ हे वेगळे प्रमाणपत्र असते. दोन्हींचा शीटच्या टिकाऊपणाशी थेट संबंध नाही. घरात कुणाला धुळीची ॲलर्जी असेल तर प्रमाणपत्रापेक्षा 60 अंशांच्या पाण्यात धुता येईल असा पांढरा किंवा फिका रंग घेणे जास्त उपयोगी पडते, कारण गादीतले सूक्ष्म कीटक त्या तापमानाला मरतात.

मुळामुठा

फिका रंगच घेतो. शेवटचा प्रश्न, इलॅस्टिक लावलेली शीट घ्यावी की सपाट?

समुद्रकाठ

सपाट. इलॅस्टिक कापडाच्या आधी सैल पडते, ती शीट दोरीवर नीट पसरत नाही आणि कोपऱ्यांतले कापड ओले राहते. शिवाय सपाट शीट डोक्याकडची पायाकडे अशी फिरवता येते, त्यामुळे खांद्याखालचा एकच भाग विरत नाही. आणि त्याच कापडाचे दोन अभ्रे जास्तीचे घेऊन ठेवा. केसांच्या तेलाने आणि वरचेवर धुण्याने अभ्रे शीटच्या आधी जातात आणि नंतर तोच रंग मिळत नाही.